जाड भिंतींच्या जुन्या घरासाठी आणि वयस्कर आईवडिलांसाठी कॉर्डलेस लँडलाइन कोणता घ्यावा?

यावलची लेक

नमस्कार. माझे माहेर यावल तालुक्यातल्या एका गावात आहे. आई ७६ वर्षांची आणि आबा ८२ वर्षांचे असून घरात आता ते दोघेच असतात. मी नाशिकला आणि माझा दादा अमेरिकेत. घरचा लँडलाइन फोन पुढच्या ओसरीत, दाराशेजारच्या कोनाड्यात आहे. आईचा दिवस स्वयंपाकघरात आणि माजघरात जातो, आबांचा मागच्या खळ्यातल्या बाजेवर. फोन वाजला की आई हातातले काम टाकून निघते, माजघराचा उंबरा ओलांडून ओसरीत पोहोचते, आणि तोवर घंटा बहुतेक वेळा थांबलेली असते. गेल्या श्रावणात अशाच घाईत ती उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडले नाही, तरी मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. त्या दिवशी फोन करणारी मीच होते.

तेव्हापासून घरात कॉर्डलेस फोन घ्यावा असे मनात आहे. मोबाइल आहे, पण आबांच्या हाताला आता कंप असल्यामुळे पडद्यावर नेमक्या जागी बोट ठेवणे त्यांना जमत नाही, आणि आई कानाला यंत्र लावत असल्याने मोबाइलवरचे बोलणे तिला तुटक ऐकू येते. शिवाय तीस वर्षांपासून सगळ्या नातेवाइकांना आणि गावातल्या डॉक्टरांना हाच नंबर पाठ आहे. तो बंद करायचा नाही, हे दोघांनीही स्पष्ट सांगितले आहे.

घराची मांडणी सांगते, कारण खरी अडचण तीच असावी. पुढचा भाग जुना, धाब्याचा असून त्याच्या मातीच्या भिंती दीड हात जाड आहेत; मागच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, स्लॅबच्या. ओसरीपासून खळ्यापर्यंतचे अंतर साधारण ८० फूट असून मध्ये तीन भिंती येतात. इन्व्हर्टर आहे, पण त्याची जोडणी माजघर, स्वयंपाकघर आणि मागच्या खोल्यांपुरतीच आहे. दादा दिवाळीला येताना तिकडूनच तीन हँडसेटचा संच आणतो म्हणतो. तिकडे तो स्वस्त मिळतो आणि टिकतो, असे त्याचे म्हणणे आहे. तो आणू द्यावा, की इथलाच घ्यावा? इथला घ्यायचा तर काय पाहून घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना एक्स्चेंजवाला, भुसावळ

ताई, मी दूरध्वनी खात्यात लाइनवर आणि एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालो आहे. दुकानात जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवा: तुमच्या घरी येणारी लाइन तांब्याची आहे की फायबरची? फोन कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा येत असतो, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची सोय असते. म्हणून गावात चार-चार तास वीज नसली तरी तारेचा साधा फोन चालू राहत असे. कॉर्डलेसचे तसे नाही. त्याचा बेस, म्हणजे लाइनला जोडलेला आणि हँडसेट ज्यावर ठेवतात तो भाग, घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की बेस बंद पडतो, आणि बेस बंद पडला की हँडसेटमधले सेल पूर्ण भरलेले असले तरी त्याचा काहीही उपयोग होत नाही. विकताना ही गोष्ट फार थोडे लोक सांगतात, आणि ती कळते ती नेमकी वादळी रात्री, जेव्हा फोनची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की कॉर्डलेस अवश्य घ्या, पण जुना तारेचा फोन काढून टाकू नका; तो त्याच लाइनवर जोडलेला राहू द्या.

फायबर असेल तर मात्र हे सगळे बदलते. कोणती लाइन आहे ते कळवा, मग पुढचे लिहितो.

यावलची लेक

काका, आबांना विचारले. गेल्या वर्षी जुनी तार काढून फायबर दिली आहे. ओसरीत वर एक पांढरा डबा बसवला आहे, त्यावर दिवे लागतात आणि फोनची वायर त्यातच खोचलेली आहे. आबा बरेच दिवस म्हणत होते की पूर्वी वीज गेली तरी फोन चालायचा, आता चालत नाही. वयामुळे त्यांचा काही गैरसमज होत असेल, असे मी धरून चालले होते.

जुना एक्स्चेंजवाला, भुसावळ

आबांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्यांना तसे जरूर सांगा.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्या पांढऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. तो प्रकाशातला संदेश वेगळा करून फोनच्या तारेवर आवाज आणि घंटा देतो, आणि त्यासाठी त्याला घरातली वीज लागते. म्हणजे तुमच्याकडे वीज गेल्यावर कॉर्डलेस तर बंद पडेलच, पण तारेचा फोनही बंद पडेल. तेव्हा तुमची पहिली खरेदी फोनची नसून विजेच्या सोयीची आहे. माजघरातून इन्व्हर्टरची एक जोडणी ओसरीत त्या डब्यापर्यंत ओढून घ्या. वायरमनचे फार तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते जमणारे नसेल तर डब्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर पुरवठा देणारा बॅटरीचा डबा, मिळतो. तो घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून, तेच आकडे असलेला घ्यावा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर सहसा त्याहून कमी व्होल्टचा असतो, म्हणून एकाच यूपीएसवर दोन्ही जोडण्याचा प्रयोग कोणी सुचवला तर करू नका. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर मात्र दोघांचे आपापले अडॅप्टर निर्धास्तपणे चालतात.

आणखी एक काम आहे, जे घाईत राहून जाते. घरात जुन्या फोनचे वायरिंग आणि रोझेट, म्हणजे फोनची वायर जोडायची भिंतीवरची डबी, असतील तर ते पुन्हा वापरता येते, मात्र ते वायरिंग बाहेरून येणाऱ्या जुन्या तांब्याच्या तारेपासून पूर्ण तोडलेले हवे. डब्याच्या फोनच्या खाचेतून निघालेली जोडी आणि बाहेरची जुनी जोडी एकमेकींना लागलेल्या राहिल्या तर फोन नीट चालत नाही आणि डबाही बिघडू शकतो. फोनची खाच अरुंद असते, इंटरनेटची रुंद. अरुंद पिन रुंद खाचेत शिरते, पण तिथे फोन लागत नाही.

फायबरचा एक फायदाही नोंदवून ठेवतो. मृगाच्या गडगडाटात खांबावरच्या तारेतून येऊन फोन जाळणारा झटका मी असंख्य घरांत पाहिला आहे. काचेच्या तंतूतून तो येत नाही. विजेच्या सॉकेटमधून मात्र येऊ शकतो, म्हणून आकाशात फार गडगडाट असेल तेव्हा अडॅप्टर काढून ठेवण्याची आबांची जुनी सवय असेल तर ती मोडू नका.

धुळेकर

माझे धुळ्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे दुकान आहे. काकांनी लाइनचे सांगितले, मी फोनचे सांगतो.

दादांना अमेरिकेतला संच आणू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आज मिळणारे चांगले कॉर्डलेस डेक्ट नावाच्या डिजिटल पद्धतीवर चालतात. ही पद्धत युरोपात ठरली आणि तिच्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो. भारतात विकले जाणारे डेक्ट फोनही याच पट्ट्यात चालतात. अमेरिकेत तो पट्टा मोकळा नव्हता, म्हणून तिथल्या फोनना १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ दिला गेला आणि खोक्यावर ‘डेक्ट ६.०’ असे नाव छापले जाऊ लागले. ग्राहकाला वाटते की ही सहावी, सुधारलेली आवृत्ती आहे; प्रत्यक्षात ते फक्त विक्रीसाठीचे नाव आहे. आपल्याकडे १९२० मेगाहर्ट्झपासून पुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे, आणि मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे संदेश त्यातून जातात. तिथला फोन इथे लावला तर जवळच्या टॉवरला अडथळा होतो आणि तो वापरणे नियमबाह्यही आहे. त्यात तिकडचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळतो. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात असे जळालेले अडॅप्टर घेऊन लोक माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि आणणाऱ्याने किती प्रेमाने आणले होते हे ऐकताना वाईट वाटते.

आता भिंतींविषयी. खोक्यावर ‘मोकळ्या जागेत ३०० मीटर, घरात ५० मीटर’ असे काहीतरी लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण ते आपल्या धाब्याच्या घरासाठी लिहिलेले नाही. मातीची जाड भिंत या लहरी बऱ्याच शोषून घेते, आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की आणखी शोषते. त्याहून मोठा अडथळा लोखंडाचा असतो: लोखंडी कपाट, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, पत्र्याचे छप्पर. एका गिऱ्हाइकाचा फोन स्वयंपाकघरात लागत नव्हता, म्हणून तो बदलून द्या असा त्यांचा आग्रह होता. घरी जाऊन पाहिले, तर बेस ज्वारीच्या दोन कोठ्यांच्या मागे फळीवर होता. तो तिथून काढून उंच कोनाड्यात ठेवल्यावर त्याच फोनचा आवाज परसदारापर्यंत पोहोचला.

बेस लाइनच्या डब्याशेजारीच ठेवला पाहिजे, असा मुळीच नियम नाही. डब्यापासून फोनची पातळ वायर ३०-४० फूट आत नेता येते. तुमचा बेस ओसरीत न ठेवता घराच्या मध्यावर, शक्यतो माजघर आणि मागच्या खोलीमधल्या दाराजवळ, छातीच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे कोणत्याही बाजूला एकच जाड भिंत ओलांडावी लागेल. तिथे इन्व्हर्टरची जोडणीही आधीच आहे. वाय-फायच्या राउटरपासून तो चार-पाच फूट दूर ठेवा आणि कूलरच्या ओल्या झोतात कधीही ठेवू नका. उन्हाळ्यात आपल्याकडच्या घरांत कूलरसमोरच्या टेबलावर सगळे काही ठेवले जाते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बेसमधल्या गंजाचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

एक गैरसमज दूर करतो. हँडसेट वाढवले म्हणजे पल्ला वाढतो, असे नाही. प्रत्येक हँडसेट बेसशीच बोलतो. दुसऱ्या हँडसेटच्या आधाराने पुढे जात नाही. पल्ला वाढवायचा तर बेसची जागा बदलावी, किंवा त्या कंपनीचा रिपीटर, म्हणजे बेसच्या लहरी पुढे पोहोचवणारे यंत्र, मिळत असेल तर तो मध्ये लावावा. तरीही तुमच्या घरी दोन हँडसेट हवेत, एक आईजवळ आणि एक आबांजवळ, कारण धावपळ थांबवणे हाच तुमचा हेतू आहे. दोन हँडसेटमध्ये इंटरकॉम असतो; आबांना जेवायला बोलावण्यासाठी आईला खळ्यापर्यंत जावे लागणार नाही. दोन्ही एकाच संचातले घ्या. वेगळ्या कंपन्यांचे हँडसेट पुष्कळदा एका बेसला जोडता येतात, पण मग फोन घेणे आणि करणे एवढेच चालते; इंटरकॉम आणि नावांची यादी यांचा भरवसा राहत नाही.

सेलबद्दल मी फार आग्रही आहे. ज्या हँडसेटमध्ये बाजारात सहज मिळणारे एएए आकाराचे, १.२ व्होल्टचे दोन निकेल मेटल हायड्राइड सेल बसतात, तोच घ्यावा. त्या कंपनीपुरताच बनवलेला बॅटरीचा संच असेल तर दोन-तीन वर्षांनी तो मिळेनासा होतो आणि चांगला फोन टाकून द्यावा लागतो. मात्र हे सेल संपले म्हणून किराणा दुकानातले साधे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेल कोणीही घालू नये. ते चार्ज करण्यासाठी नसतात, तापतात, गळतात आणि हँडसेट कायमचा खराब होतो. ही सूचना कागदावर लिहून बेसशेजारी चिकटवा. उष्णतेने सेलचे आयुष्य घटते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा खळ्यातल्या उन्हात हँडसेट पडून राहू देऊ नका.

कंपनी विचाराल, तर पॅनासॉनिक, बीटेल आणि गिगासेट ही नावे आपल्या बाजारात ओळखीची आहेत. मी नावापेक्षा तुमच्या शहरात दुरुस्ती आणि सेल मिळतात का, याला जास्त महत्त्व देतो. कॉलर आयडीच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत. दोन्ही ओळखणारा फोन घेतला म्हणजे नंबर दिसत नसल्याची तक्रार सहसा उरत नाही.

चाळीसगावकर

सिमकार्डवर चालणारा, टेबलावर ठेवायचा फोन का घेत नाही? त्यात बॅटरी असते, बेसची कटकट नाही आणि बटणेही मोठी असतात.

धुळेकर

दादा, तो पर्याय वाईट नाही, पण त्यांचा जुना नंबर त्या सिमवर येणार नाही, आणि नंबर टिकवणे ही त्यांची पहिली अट आहे. कोणाला घ्यायचाच असेल तर तो फोन फोर-जीवर बोलण्याची सोय असलेला आहे का, ते पाहावे. फक्त टू-जीवर चालणाऱ्या स्वस्त फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही.

शहाद्याची माई

मी तंत्रातले जाणत नाही, पण माझ्या सासूबाई सात वर्षे कानाला यंत्र लावून कॉर्डलेसवर बोलल्या, म्हणून लिहिते आहे.

वय झाल्यावर माणसाला बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. आम्ही आणलेल्या फोनची घंटा पाखराच्या चिवचिवाटासारखी होती. आम्हाला ती सगळ्या घरात ऐकू यायची, आणि सासूबाई शेजारी बसून असायच्या तरी त्यांना कळत नसे. त्यांना फोन घ्यायचा नसतो, असा घरात समज झाला आणि त्यावरून बोलणीही झाली. नातवाने एकदा घंटा बदलून खर्जातली, जुन्या फोनसारखी लावली, तेव्हा त्या लगेच वळून पाहू लागल्या. त्यांना आम्ही जे बोललो, त्याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हा दुकानात घंटेचे सगळे आवाज वाजवून पाहा, शक्य झाल्यास आईसमोरच, आणि घंटा वाजताना मोठा दिवा चमकणारा हँडसेट मिळाला तर तोच घ्या.

कानाच्या यंत्रात ‘टी’ अशी खूण असलेली सोय असेल तर ती फोनसाठी असते. हँडसेट त्या सोयीला जुळणारा असावा लागतो. तसेच काही यंत्रांत कॉर्डलेस कानाशी धरल्यावर हलकी घरघर ऐकू येते. हँडसेट थोडा फिरवून, यंत्राच्या माइकपाशी धरायला शिकवले की ती पुष्कळ कमी होते, आणि नाहीच झाली तर स्पीकरवर बोलता येते. म्हणून हँडसेटचा स्पीकर मोठा आणि स्वच्छ हवा.

हँडसेट हरवण्याची सोयही आधीच करून ठेवा. आमचा एकदा गोधडीच्या घडीत जाऊन दोन दिवस सापडला नाही. बेसवर हँडसेट शोधण्याचे बटण असते. ते दाबले की हँडसेट वाजतो, पण सेल संपला असेल तर वाजत नाही. म्हणून रात्री देवापुढे दिवा लावला की हँडसेट बेसवर ठेवायचा, असा नियम आम्ही घालून घेतला, आणि तो सासूबाईंनीच सर्वांत काटेकोरपणे पाळला. आबांच्या हाताला कंप आहे, तर एका बटणावर एक माणूस अशी सोय असलेला फोन पाहा, आणि त्यात तुमच्याबरोबर १०८ ही रुग्णवाहिकाही ठेवा.

यावलची लेक

सर्वांची मनापासून आभारी आहे. पंधरा दिवसांनी लिहिते आहे, कारण सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वायरमनने माजघरातून ओसरीत इन्व्हर्टरची जोडणी आणली. त्याने रोझेट उघडला तेव्हा बाहेरची जुनी तार खरोखरच आतल्या वायरिंगला लागलेली होती, ती तोडली. जळगावहून मोठ्या बटणांचा, दोन हँडसेटचा डेक्ट संच घेतला आणि दुकानदाराशी आधीच बोलून घेतले की घरात लागला नाही तर तो परत घेईल. बेस प्रथम माजघराच्या दाराजवळ ठेवला. स्वयंपाकघरात आवाज स्वच्छ होता, पण खळ्यातल्या बाजेवर तुटत होता. मग तो मागच्या खोलीत, खळ्याकडच्या खिडकीच्या फळीवर नेला. आता बाजेवर स्वच्छ येतो, ओसरीतही येतो, फक्त खळ्याच्या फाटकापाशी तुटतो, आणि आबा म्हणतात की फाटकापाशी उभे राहून मला कोणाशी बोलायचे नाही. तारेचा जुना फोन कोनाड्यात तसाच आहे. परवा संध्याकाळी दोन तास वीज नव्हती, तेव्हा मी मुद्दाम फोन केला. आबांनी तो बाजेवरूनच घेतला आणि सगळ्यांत आधी वीज गेली असल्याचे सांगितले.

दादाला धुळेकरांचे उत्तर पाठवले. त्याने तिकडचा संच रद्द केला आणि आईच्या कानाच्या यंत्राचा खर्च उचलतो म्हणाला.

एक अडचण मात्र राहिली आहे. पुतण्याने मोबाइलमधली यादी पाहून हँडसेटमध्ये सगळे नंबर भरून दिले. आईने माझ्यासाठीचे बटण दाबले की फोन लागत नाही, ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. गावातले लँडलाइन नंबर मात्र लागतात. फोनमध्येच काही दोष असेल का?

जुना एक्स्चेंजवाला, भुसावळ

फोनमध्ये दोष नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. मोबाइलमधल्या यादीत तो नसतो, म्हणून तिथून उतरवलेले नंबर लागत नाहीत. साठवलेल्या प्रत्येक मोबाइल नंबरच्या आधी शून्य भरा. १०८ ला मात्र लावू नका.

यावलची लेक

शून्य लावला, काका. आताच आईचा फोन येऊन गेला.